आवाज गिळणे आणि आवाज अडवणे

शालेय विज्ञान प्रदर्शनांत काही मॉडेल्स दरवर्षी हमखास भेटतात. धूर ओकणारा ज्वालामुखी असतो, पवनचक्की असते, पावसाचे पाणी साठवणारे घर असते आणि बहुतेक ठिकाणी एक ‘ध्वनिरोधक खोली’ही असते. बुटांचे किंवा मिक्सरचे खोके, त्याला आतून चिकटवलेले थर्मोकोल किंवा अंड्यांचे ट्रे, आणि मधोमध सेलवर चालणारी घंटी. झाकण उघडे असताना घंटी खणखणीत ऐकू येते, झाकण लावले की आवाज दबतो. शेजारच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, की मऊ आणि सच्छिद्र पदार्थ ध्वनी शोषून घेतात, म्हणून जनरेटरच्या खोल्या, यंत्रशाळा, स्टुडिओ यांच्या भिंतींना असे पदार्थ लावून त्या ध्वनिरोधक करतात.

परीक्षक म्हणून अशा टेबलासमोर आम्ही अनेकदा उभे राहिलो आहोत. मुलांनी मन लावून काम केलेले असते, उत्तरेही पाठ असतात. आमची तक्रार मुलांबद्दल नाही. ती आहे तक्त्यावरच्या ‘म्हणून’ या एका शब्दाबद्दल. मऊ, सच्छिद्र पदार्थ ध्वनी शोषतात हे खरे. जनरेटरच्या खोलीचा आवाज बाहेर जाऊ नये असे वाटते हेही खरे. पण पहिल्यावरून दुसरे साधते, असे त्या ‘म्हणून’ने गृहीत धरले आहे. ते खरे नाही. हाच ‘म्हणून’ पुढे गाईडांत, भाषणांत आणि थेट शाळेच्या जनरेटर रूमच्या अंदाजपत्रकात जाऊन बसतो.

या गोंधळाचे मूळ पाहायला सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त मागे जावे लागेल. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात नवे व्याख्यानगृह बांधले गेले. त्यात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वक्ता दुसऱ्या वाक्यावर गेला तरी पहिल्याचे शब्द हवेतच! १८९५ साली हे दुखणे बरे करण्याचे काम वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले. सगळीकडे निजानीज झाली की जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या वाहून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, ती थांबल्यावर आवाज किती वेळ ऐकू येतो ते घड्याळ लावून मोजायचे, आणखी काही गाद्या आणून पुन्हा मोजायचे, असा त्यांचा उद्योग चाले. निनादाचा काळ हा खोलीच्या आकारमानाच्या समप्रमाणात आणि एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे त्यांनी या खटाटोपातून दाखवले. १९०० साली उघडलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलची रचना करताना हेच गणित उपयोगी पडले. वास्तुध्वनिशास्त्र नावाची शाखा या गाद्यांतून जन्माला आली, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र सॅबाइन यांचा प्रश्न कोणता होता ते नीट पाहिले पाहिजे. खोलीत निर्माण झालेला आवाज खोलीतच किती वेळ रेंगाळतो, हा तो प्रश्न. शेजारच्या खोलीत तो किती पोचतो, हे त्या गाद्यांना कुणी विचारलेच नव्हते. त्याहून गंमत अशी, की शोषण मोजण्यासाठी सॅबाइन यांनी एकक घेतले ते उघड्या खिडकीचे. खिडकीवर जाऊन आदळलेला आवाज खोलीत परत येत नाही, तेव्हा खोलीच्या दृष्टीने तो संपूर्ण शोषला गेला. उघड्या खिडकीचा शोषण गुणांक एक, म्हणजे शंभर टक्के! तक्त्यावरचे तर्कशास्त्र खरे मानले तर आपल्या जनरेटर रूमला उत्तम ध्वनिरोधक करण्याचा सोपा उपाय म्हणजे तिच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकणे. नववीच्या वर्गात ‘म्हणून’चा खोटेपणा दाखवायला एवढे एक उदाहरण पुरते, असे आम्हाला वाटते.

शोषण म्हणजे परत न येणे आणि रोधन म्हणजे पलीकडे न जाणे. या दोन वेगळ्या राशी आहेत, त्यांची मोजमापे वेगळी आहेत आणि त्यांसाठी लागणारे पदार्थ तर जवळजवळ उलट गुणांचे आहेत.

आता जाहिरातीतला आकडा घेऊ. ‘नव्वद टक्के आवाज शोषून घेणारा फोम’ अशी भाषा बाजारात सर्रास ऐकू येते. उदार होऊन मानू, की नव्वद टक्के ऊर्जा खरोखरच फोममध्ये संपली आणि फक्त दहा टक्के पलीकडे गेली. डेसिबलच्या हिशेबात ऊर्जा दहापट कमी म्हणजे १० डेसिबलची घट. आपल्या कानाला तो आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो, इतकेच. नव्याण्णव टक्के अडवले तर २० डेसिबल. याउलट दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साधी नऊ इंची विटांची भिंत ५० डेसिबलच्या आसपास आवाज अडवते, म्हणजे लाखातला एक भाग पलीकडे जाऊ देते. परीक्षेत नव्वद टक्के म्हणजे पेढे वाटण्याजोगे यश. आवाजाच्या धंद्यात ते काठावर पास होण्याइतकेही नाही. कारण आपला कान तीव्रतेची प्रचंड मोठी पट्टी हाताळतो. ही पट्टी फळ्यावर काढून दाखवली, तर दहावीच्या मुलांना लॉगॅरिथमचा उपयोग कुठे होतो तेही आपोआप कळते.

भिंत आवाज अडवते ती कशाच्या जोरावर? मुख्यतः वजनाच्या. हवेतल्या दाबाची लाट भिंतीला क्षणाक्षणाला मागेपुढे ढकलते. भिंत जितकी हलेल तितका आवाज ती पलीकडच्या हवेला देईल. बल तेवढेच आणि वस्तुमान जास्त, तर त्वरण कमी. न्यूटनचा दुसरा नियम, दुसरे काही नाही. म्युनिकच्या रिचर्ड बर्गर यांनी १९११ साली या दिशेने पद्धतशीर अभ्यास केला. ढोबळ नियम असा आहे, की दर चौरस मीटर वजन दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल जास्त अडतात आणि आवाजाची वारंवारता दुप्पट झाली तरीही तेवढेच. दुसऱ्या शब्दांत, खर्जातला आवाज अडवणे सर्वांत कठीण. वर सांगितलेल्या भिंतीचे वजन चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या घरात जाते. एक इंच जाडीच्या थर्मोकोलचे वजन असते अर्धा किलो. या दोघांची एकाच कामासाठी तुलनाच होऊ शकत नाही.

थर्मोकोलची आणखी एक फजिती आहे. त्याच्यात हवेचे कप्पे भरपूर असले तरी ते बंद आहेत. ध्वनी शोषायला हवेला पदार्थाच्या आत शिरून घासत जाता आले पाहिजे. ते काचलोकरीत जमते, उशीच्या कापसात जमते, थर्मोकोलमध्ये जमत नाही. म्हणजे तो अडवतही नाही आणि नीट गिळतही नाही. उष्णतेच्या धड्यात त्याने मिळवलेली कीर्ती ध्वनीच्या धड्यात उसनी आणली गेली आहे.

अंड्यांच्या ट्रेचे म्हणाल, तर ज्या आवाजासाठी ते लावले जातात त्याची तरंगलांबी पाहावी. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. १००० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी ३४ सेंटीमीटर, १०० हर्ट्झच्या सुराची ३.४ मीटर. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात सेकंदाला पन्नास स्फोट होतात. त्या घरघरीच्या मूळ सुराची लाट जवळजवळ सात मीटर लांब. चार-पाच सेंटीमीटर खोलीचे कागदी खळगे तिला जाणवणारही नाहीत.

मग मॉडेलमधल्या घंटीचा आवाज कमी होतो तो का? चार कारणांनी. घंटीचा आवाज तारसप्तकातला असतो, त्यामुळे तो कशानेही चटकन अडतो. खोक्याचा पुठ्ठाच पुष्कळ काम करतो. थर्मोकोल चिकटवताना खोक्याच्या कोपऱ्यांतल्या फटी बुजतात. आणि चौथे कारण, जे विज्ञान शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे, ते म्हणजे तुलनाच चुकीची निवडलेली असते. थर्मोकोल लावलेले बंद खोके आणि तेच खोके उघडे, अशी तुलना करून श्रेय मात्र थर्मोकोलला दिले जाते. हवी होती ती बंद रिकामे खोके आणि बंद थर्मोकोलचे खोके यांची. “तसे करून पाहिलेस का?” असे विचारले, की मुले बाईंकडे पाहतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला नियम ज्या टेबलावर मोडतो, त्यावर प्रयोगाला दिलेले बक्षीस आम्हाला तरी पटत नाही.

आता खेळण्यातून खऱ्या खोलीत जाऊ. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशी खोली, नऊ इंची भिंती, वर स्लॅब, आत दहा किलोवॅटचा जनरेटर, पलीकडे आठवीचा वर्ग. केंद्र सरकारने २००० साली केलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. २००२ साली डिझेल जनरेटरसाठी जी मानके आली, त्यांत जुन्या यंत्रांच्या खोलीने किंवा आवरणाने आवाज किमान २५ डेसिबल कमी करावा अशी अपेक्षा होती. २५ डेसिबल म्हणजे सुमारे तीनशेत एक भाग बाहेर. आपली भिंत लाखात एक सोडते, मग अडचण कुठे आहे?

अडचण भिंतीत नाहीच. नऊ चौरस मीटरच्या त्या भिंतीत दहा सेंटीमीटर लांबीरुंदीचे एक भोक पाडले, तर भोकाचे क्षेत्रफळ झाले भिंतीच्या हजाराव्या भागाएवढे. भोकातून सगळाच आवाज जातो, म्हणजे हजारात एक भाग तिथूनच निसटला. पन्नास डेसिबलची भिंत क्षणात तिसावर आली! नव्वद सेंटीमीटर रुंद दाराखाली एक सेंटीमीटरची फट असेल तर तिचे क्षेत्रफळ जवळजवळ या भोकाएवढेच भरते. आतून सगळ्या भिंती फोमने मढवायच्या आणि दाराखालची फट तशीच ठेवायची, हा प्रकार फुटक्या घागरीला बाहेरून रंग लावण्यासारखा आहे.

तर मग सगळ्या फटी बुजवून खोली हवाबंद करावी का? कदापि नाही. दहा किलोवॅट वीज देणाऱ्या इंजिनाला सुमारे तीस किलोवॅटचे इंधन लागते. उरलेल्या विसातली निम्मी उष्णता धुराबरोबर बाहेर गेली असे धरले, तरी रेडिएटर आणि इंजिनाच्या अंगातून दहा किलोवॅट खोलीत येतात. खोलीत हवा २७ घनमीटर, म्हणजे साधारण ३२ किलो. तिचे तापमान एक अंशाने वाढायला ३२ किलोज्यूल लागतात. भिंतींनी घेतलेली उष्णता सोडून दिली, तर दर तीन सेकंदांना एक अंश! काही मिनिटांत यंत्र बंद पडेल. धुराच्या नळीचा एखादा सांधा गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचेल, आणि त्याला वास नसल्याने आत गेलेल्या शिपायाला ते कळणारही नाही. वीज गेली की घाईघाईने आत शिरणारा माणूस तोच असतो.

हवा हवीच. तापमान दहा अंशांपेक्षा जास्त वाढू द्यायचे नसेल, तर सेकंदाला सुमारे ०.८ घनमीटर हवा खेळवावी लागते. त्यासाठी पंखा लावूनही ०.३ चौरस मीटरची वाट लागते, आत येण्यासाठी एक आणि बाहेर जाण्यासाठी एक. अशी एकच वाट आपल्या नऊ चौरस मीटरच्या भिंतीत ठेवली तरी ती भिंतीच्या तीन टक्क्यांहून जास्त झाली. आवाज अडणार फक्त १५ डेसिबल. मानकाच्या पंचवीसला आपण इथेच मुकलो. छोट्या खोलीतल्या यंत्राचा आवाज कोंडण्याची खरी लढाई ही आहे. हवेला जाऊ द्यायचे आणि आवाजाला नाही, अशी वाट बांधायची.

इथे मऊ पदार्थाला त्याचे मानाचे पान मिळते. हवेची वाट सरळ न ठेवता ती आडव्या बोगद्यातून, दोन वळणे देऊन न्यायची आणि बोगद्याला आतून काचलोकरीचे किंवा रॉकवूलचे अस्तर लावून त्यावर भोकांचा पत्रा ठोकायचा. हवा वळून निघून जाते. आवाज मात्र प्रत्येक वळणावर अस्तरावर आदळतो आणि दर वेळी आपला मोठा हिस्सा गमावतो. दर खेपेला दहातला एकच भाग उरला, तर दोन खेपांत शंभरातला एक. भिंतीवर एकदाच मिळणारी नव्वद टक्के घट बोगद्यात पुन्हा पुन्हा मिळते, म्हणून तिथे ती मोलाची. अर्थात खर्जातल्या सुराला या अस्तरातूनही बरीच वाट मिळते. त्यासाठी बोगदा लांब आणि अस्तर जाड करावे लागते.

खोलीच्या आतल्या भिंतींना अस्तर लावणे अगदीच व्यर्थ आहे असेही आम्ही म्हणणार नाही. उघड्या सिमेंटच्या खोलीत आवाज आपटून आपटून साचतो. आतले एकूण शोषण दुप्पट केले की हा साचलेला आवाज ३ डेसिबलने उतरतो. उघड्या खोलीत शोषण फारच कमी असते, तेव्हा दोन-तीन वेळा दुप्पट करणे जमते. आत कमी साचला तर बाहेर कमी जाईल. पण हे काम फटी, दार आणि हवेची वाट यांच्या नंतरचे.

यंत्राचा आवाज जमिनीतूनही जातो, याचा तर मॉडेलमध्ये पत्ताच नसतो. कंप पावणारे इंजिन लादीला घट्ट जखडले, की सगळी इमारत त्याची तबकडी होते. त्याखाली रबराचे तुकडे ठेवून भागेल का, हे शाळेच्या गणितानेच सांगता येते. स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तूच्या कोनीय वारंवारतेचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरण भागिले स्प्रिंगचे दबणे. यंत्राच्या वजनाने रबर एक मिलिमीटर दबले तर नैसर्गिक वारंवारता येते सुमारे १६ हर्ट्झ. कंप अडायला लागतात ते याच्या १.४ पटीच्या, म्हणजे साधारण २२ हर्ट्झच्या पुढे. सेकंदाला २५ फेरे घेणाऱ्या इंजिनासाठी हे जेमतेम. दहा मिलिमीटर दबणारी स्प्रिंग घेतली तर वारंवारता पाचावर येते आणि काम फत्ते होते. (काचेच्या हंडीतून हवा काढून घंटीचा आवाज बंद करण्याच्या प्रसिद्ध प्रयोगात घंटी बारीक तारांवर टांगलेली असते, ती याच कारणाने. पुस्तके हे कारण क्वचितच सांगतात.)

अजून एक गोष्ट राहिली आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला. मऊ, हलके आणि सच्छिद्र असे जे स्वस्तात मिळते ते बहुधा पेट घेणारेही असते. २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, वेस्ट वॉरिक गावातल्या ‘द स्टेशन’ नावाच्या क्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्या रंगमंचाभोवतीच्या फोमवर पडल्या. १०० माणसे मृत्युमुखी पडली. तो पॉलियुरेथेनचा फोम कशासाठी लावला होता? शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली होती म्हणून. २७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधील सांता मारिया शहरात ‘किस’ क्लबच्या छताला लावलेल्या अशाच फोमने पेट घेतला. विषारी धुराने २४२ जण गेले, त्यांत बहुतेक विद्यार्थी. ठिणगी आतषबाजीची होती आणि बाहेर पडायच्या वाटा अपुऱ्या होत्या, हे खरेच. पण भिंतीवर ते जळण कुणी चढवले, याचे उत्तर शोधताना आपल्या तक्त्यावरचा ‘म्हणून’ कुठेतरी भेटतो. जनरेटरच्या खोलीत तर डिझेलचा साठा असतो आणि धुराची नळी कित्येकशे अंश तापलेली असते. तिथे थर्मोकोल किंवा गादीचा फोम लावू पाहणाऱ्याला कुणीतरी वेळीच अडवले पाहिजे. काचलोकर आणि रॉकवूल जळत नाहीत, हा त्यांचा शोषणाइतकाच मोठा गुण आहे.

मॉडेल रद्द करावे असे आमचे म्हणणे नाही, ते सुधारावे असे आहे. साहित्यही फारसे बदलावे लागत नाही. घंटीबरोबर एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्यावा आणि त्यावर २०० आणि २००० हर्ट्झचे सूर आळीपाळीने वाजवावेत. मोजायला मोबाइलमधले ध्वनिमापक अ‍ॅप चालेल; त्याचा प्रत्यक्ष आकडा खरा मानू नये, दोन आकड्यांतला फरक पाहावा आणि फोन प्रत्येक वेळी त्याच जागी, मीटरभर अंतरावर ठेवावा. आधी उघडा आवाज. मग बंद रिकामे खोके. मग तेच खोके थर्मोकोल लावून, तेच खोके चिंध्या लावून. त्यानंतर खोके बाजूला ठेवावे, घमेल्यात ओली वाळू पसरावी, स्पीकर स्पंजच्या तुकड्यावर ठेवून त्यावर जुना मातीचा माठ पालथा घालावा आणि त्याची कड वाळूत चांगली दाबावी. आकडा लिहून घ्यावा. मग एका मुलीला सांगावे, की माठाच्या कडेखाली एक पेन्सिल आडवी सरकव आणि काय ऐकू येते ते सांग.